विदेशी प्राणी घरी आणण्याआधी शेजारच्या कोंबड्या मोजा

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, मी पहिल्यांदा सन कन्यूर या विदेशी पोपटांची जोडी आणली, तेव्हा पिंजरा सोप्यावर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा, पाखरांना वारा लागावा, एवढाच विचार होता. शेजारच्या काकींच्या कोंबड्या दिवसभर त्याच सोप्याखाली फिरायच्या आणि वरून सांडलेले राळ्याचे दाणे टिपायच्या. दहा-बारा दिवसांनी त्यांतली एक मान वाकडी करून गोल गोल फिरू लागली. आठवड्याभरात 14 पैकी 11 कोंबड्या गेल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. तो माझ्या पाखरांनी आणला की आधीच गावात होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पलीकडच्या वाड्यावरही त्याच सुमारास कोंबड्या मेल्या होत्या. पण काकींनी एकच विचारलं, "तुझी पाखरं तपासून आणली होतीस का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विदेशी प्राणी पाळणारे नवे लोक माझ्याकडे चौकशीला येतात तेव्हा पिंजरा केवढा, खाणं काय, बोलायला कसं शिकवायचं, हे विचारतात. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण आपल्याकडे घरं एकमेकांना लागून, कुंपणं नावापुरती, मांजरं या कौलांवरून त्या कौलांवर जाणारी. अशा वाड्यावर आणलेला प्राणी एकट्या तुमच्या घरात राहत नाही. म्हणून हा लेख मी वाड्यापासून सुरू करतो.

पैसे देण्याआधी

सगळ्यात आधी एका संध्याकाळी आपल्या घराभोवती चालून या. उजवीकडे-डावीकडे, मागे-पुढे प्रत्येकी 3-4 घरं. कुणाकडे कोंबड्या आहेत, त्या मोकळ्या असतात की खुराड्यात? मांजरं किती? कुत्रा बांधलेला की सुटा? गोठा आहे का, विहीर कुठे आहे, तळी किंवा व्हाळ (ओढा) किती लांब? हे सगळं वहीत लिहा. ही यादी हातात आली की बरेच निर्णय आपोआप होतात. शेजारी मोकळ्या कोंबड्या असतील तर अर्जेंटिनी तेगू हा सरडा तुमच्यासाठी नाही. तो मीटरभराहून लांब होतो, अंडी आणि पिल्लं आवडीने खातो आणि माती उकरून कुंपणाखालून निघतो. शेजारी म्हातारं माणूस आजारी असेल, तर मकॉव किंवा सन कन्यूर यांचा आवाज त्या घराला सोसवणार नाही. सकाळ-संध्याकाळ ओरडणं हा त्या पाखरांचा स्वभाव आहे, ते शिकवून थांबत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हा विचार दुप्पट करा.

दुसरं, त्या प्राण्याचं आयुष्य. आफ्रिकन ग्रे पोपट 40 ते 60 वर्षं जगू शकतो. बॉल पायथन हा परदेशी अजगर 20-30 वर्षं, हिरवा इग्वाना हा सरडा चांगली निगा मिळाली तर 15-20 वर्षं. नाण्याएवढं दिसणारं लाल कानाचं कासव, ज्याला दुकानात 'लकी कासव' म्हणतात, ते 25-30 सेंटिमीटरचं होतं आणि 30 वर्षंही जगतं. तुमच्यानंतर ते कोण सांभाळणार, हे घरच्यांना विचारा. त्यांच्या तोंडून होकार येईपर्यंत थांबा.

तिसरं, डॉक्टर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत आणि गाई-म्हशी, कुत्री-मांजरं यांच्यासाठी तिथे चांगली सेवा मिळते. पण सरपटणारे प्राणी आणि विदेशी पक्षी यांचा अनुभव प्रत्येक पशुवैद्याला असेलच असं नाही. प्राणी आणायच्या आधी फोन करून विचारा: तुम्ही हे बघता का, रविवारी कुणाला गाठायचं? होकार देणारा एक तरी डॉक्टर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काय पाळता येतं, काय नाही

इथे गोंधळ फार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 चा आहे. 2022 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आपल्या देशातले रानटी प्राणी-पक्षी घरी ठेवणं हा गुन्हा आहे. आपला गावठी पोपट, म्हणजे गळ्यात गुलाबी कंठ असलेला, तोही त्यात आला. आजोबांच्या काळापासून आमच्याकडे पोपट असायचा, असं पुष्कळ जण सांगतात. मलाही ते आठवतं. पण तो पाळायला कायद्याची परवानगी नाही आणि पिल्लांसाठी ढोल्या फोडणारी माणसं आपल्याच मागणीवर जगतात. निळा-पिवळा रंग करून विकला जाणारा 'रिंगनेक' हा जातीने तोच पोपट आहे. रंग बदलला म्हणून जात बदलत नाही, तेव्हा त्यापासूनही दूर राहा. डोंगरी मैना, तारा कासव, आपल्या तळ्यांतली कासवं, घोरपड, अजगर यांतलं काहीही नको. तारा कासव 'वास्तूला शुभ' म्हणून चोरून विकलं जातं. 2019 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारातही सर्वांत कडक संरक्षण मिळालं. शिक्षा साधारणपणे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर दंड वेगळा.

विदेशी प्राण्यांसाठी त्याच दुरुस्तीने चौथी अनुसूची आणली. साइटिस या आंतरराष्ट्रीय करारात ज्या जातींची नावं आहेत त्या या अनुसूचीत येतात. भारत 1976 पासून या करारात आहे. मकॉव, सन कन्यूर, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे, बॉल पायथन, हिरवा इग्वाना, तेगू, सुल्काटा कासव हे सगळे त्यात आहेत. असा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नोंदणी केली पाहिजे. त्यासाठीचे नियम 28 फेब्रुवारी 2024 रोजी निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना 6 महिन्यांची मुदत होती, ती ऑगस्ट 2024 मध्ये संपली. आता नवा प्राणी घेतला की 30 दिवसांच्या आत 'परिवेश 2.0' या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आपल्या वन खात्याचं मुख्यालय पणजीला आल्तिनोवर आहे. पुढे पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं. साइटिस कराराच्या परिशिष्ट 1 मधल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या, जातीची पैदास करायची असेल तर वेगळा परवाना लागतो. आफ्रिकन ग्रे 2017 पासून त्याच परिशिष्टात आहे.

बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या जाती करारात नाहीत, म्हणून त्यांना ही नोंदणी लागत नाही. पण बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणाऱ्या फिशर जातीला लागते. दुकानदार दोन्हींना एकच नाव सांगतो. म्हणून बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर तिथून निघा. दुकानाची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असायला हवी, हा नियम 2018 पासून आहे. प्रमाणपत्र बघायला मागायला संकोच करू नका. परदेशातून सामानात लपवून आणलेले प्राणी देशातल्या विमानतळांवर वारंवार पकडले जातात. स्वस्त आणि बिनबिलाचा प्राणी त्याच वाटेने आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याने वाटेत कुठले रोग गोळा केले हे कुणालाच माहीत नसतं.

पहिले दीड-तीन महिने वेगळे ठेवा

मी चुकलो ते इथे. म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

नवा पक्षी घरी आला की त्याला निदान 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं. साप, सरडे, कासवं यांना 90 दिवस. वेगळी खोली म्हणजे दार बंद होणारी, जिथून पिसं आणि विष्ठेची धूळ वाऱ्याने बाहेर जात नाही. सोपा, गॅलरी, मांगर, गोठ्याची पडवी यांतलं काहीच चालणार नाही. राणीखेतचा विषाणू विष्ठेतून, श्वासातून पसरतो आणि कपडे, चपला, भांडी यांच्यावरूनही जातो. काही पोपट स्वतः ठणठणीत दिसतात आणि कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतात. "पाखरू खेळतंय, खातंय, मग आजारी कसं असेल?" हा विचार इथे उपयोगाचा नाही.

रोजचा क्रम असा ठेवा. आधी घरातले जुने प्राणी, मग बाहेरची कामं, सगळ्यात शेवटी नवा प्राणी. त्या खोलीसाठी जुना शर्ट आणि चपलांचा एक जोड दाराशीच ठेवायचा. भांडी वेगळी. बाहेर पडलं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि त्यानंतरच शेजारी जायचं. पिंजऱ्यातला कागद, सांडलेले दाणे, पिसं हे पिशवीत बांधून कचऱ्यात. अंगणात झटकायचं नाही, कारण अंगणात कोंबड्या येतात. पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडून विष्ठेची तपासणी करून घ्या. पोपटवर्गीय पक्षी असेल तर सिटाकोसिसबद्दल विचारा. हा आजार माणसालाही होतो, सुरुवातीला साध्या तापासारखा वाटतो आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. घरात किंवा शेजारी कुणाला असा ताप आला, तर डॉक्टरांना "आमच्याकडे नवे पक्षी आलेत" हे आठवणीने सांगा. वेळेत कळलं तर औषध आहे. साप-कासवांच्या बाबतीत बाहेरदेशी गोचिड्या बघायच्या: मानेखाली, काखेत, कासवाच्या कवचाच्या सांध्यांत. दिसल्या तर ओढून अंगणात फेकू नका, बाटलीत बंद करून डॉक्टरला दाखवा. त्याच अंगणातून शेजारची गाय जाते.

आणखी एक काम, जे मी आता प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो. नवं पाखरू येण्याआधी शेजारच्या कोंबड्यांना लस द्या. छोट्या पिल्लांना लासोटा लशीचे थेंब डोळ्यात-नाकात घालतात. साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या कोंबडीला आर-टू-बी ही लस टोचतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, शेजाऱ्यांना घेऊन जा, लागेल तो खर्च तुम्ही करा. एका वाड्यावरच्या कोंबड्यांचा हा खर्च तुमच्या पक्ष्याच्या किमतीपुढे काहीच नसतो. काकींनी नंतर पुन्हा कोंबड्या आणल्या, त्यांना लस द्यायला मी स्वतः बरोबर गेलो. त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

जागा बांधताना

कौलारू घरात साप पाळायचा असेल तर आधी छत बघा. कौलं आणि वासे यांच्यामध्ये जेवढी फट असते तेवढी सापाला पुरते. खोलीला पक्कं छत पाहिजे, दाराखालची फट रबरी पट्टीने बंद पाहिजे, न्हाणीच्या आणि मोरीच्या पाइपाला बारीक जाळी पाहिजे, खिडकीला जाळी पाहिजे, आणि टाकीला कुलूप पाहिजे. चिमटा किंवा वर ठेवलेला दगड हे कुलूप नव्हे. साप नाकाच्या शेंड्याने जोर लावतो; रात्रभर एकाच कोपऱ्यावर तो ढकलत राहतो.

पक्ष्यांसाठी दुहेरी दार करा. बाहेरचं बंद केल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. कोंबड्यांची षटकोनी जाळी पातळ असते. उदमांजर ती फाडतं, उंदीर कुरतडतो, आणि मोठा पोपट चोचीनेच उघडतो. पिंजरा मांजराची उडी पोहोचणार नाही अशा जागी, कुंपणापासून लांब. रात्री सगळं आत. आपल्याकडे कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, लागून घरं आहेत. मुंगूस आणि धामण दिवसा, उदमांजर रात्री फिरणारच.

शेजारच्या मांजराने पिंजऱ्यात पंजा घातला आणि पाखराला साधा ओरखडा आला, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मांजराच्या दातांत-नखांत असे जंतू असतात की काही तासांत पाखरू दगावू शकतं. आणि राग मांजरावर काढू नका. ते त्याच्या स्वभावाने वागलं, पंजा आत गेला तो तुमच्या जाळीतून.

उंदरांसाठी विष किंवा चिकट सापळा पिंजऱ्याच्या आसपास कधीच ठेवू नका. विष खाल्लेला अर्धमेला उंदीर पकडायला सोपा असतो. तो शेजारचं मांजर खातं, गावातलं घुबड खातं, आणि तेही मरतं. त्यापेक्षा दाणा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सांडलेलं संध्याकाळी झाडून घ्या, उंदीर येणंच कमी होतं. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते हेही आहेच.

इग्वाना असेल तर त्याला उन्हात 'फिरवायला' दोरीने अंगणात बांधू नका. सुटा कुत्रा आला की इग्वाना शेपटीचा फटका मारतो, तो कुत्र्याच्या डोळ्यावर बसू शकतो, आणि कुत्रा चावला तर इग्वाना जातो. दोन्ही घरांचं नुकसान.

विहीर, व्हाळ, तळी

कासवं आणि सरडे यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि प्राण्याला स्वतःला काहीच त्रास होत नाही. त्यांची टाकी विहिरीच्या कट्ट्यावर धुऊ नका, स्वयंपाकघराच्या सिंकमध्येही नको. वेगळी बादली, वेगळा ब्रश. पाणी विहिरीपासून लांब, केळीच्या किंवा माडाच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात जिरवा. व्हाळात तर कधीच नको. मत्स्यटाकीतल्या पाण्यातून गोगलगाईची अंडी, वनस्पतींचे तुकडे, माशांची पिल्लं जातात. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे शेतात येतात, म्हणजे नदी, व्हाळ, खाजन (खाडीकाठची शेतं) आणि तळी त्या दिवसांत एकमेकांना जोडलेलीच असतात. तुम्ही एका तळीत सोडलेला प्राणी एका तळीत राहत नाही.

सोडण्याबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. कासव मोठं झालं, टाकीत मावेना, पाण्याला वास यायला लागला, की माणूस ते रात्री देवळाच्या तळीत सोडतो. देवाच्या पाण्यात सोडलं, पुण्यच केलं, असं त्याला मनापासून वाटतं. मला त्याच्या भावनेबद्दल शंका नाही. पण लाल कानाचं कासव मूळ अमेरिकेतलं, आणि जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या काळ्या कासवाच्या उन्हात बसायच्या जागा बळकावतं, त्याचं खाणं खातं, रोग देतं. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा प्लेको मासाही तसाच. तो काठाच्या मातीत बिळं करतो आणि त्याचं खवलं इतकं कठीण की जाळ्यात आला तर जाळंच फाटतं. व्हाळात जाळं टाकून घर चालवणारा शेजारी असेल तर त्याच्या पोटावर ते येतं.

शेजाऱ्यांना काय सांगायचं

लपवू नका. साप किंवा मोठा सरडा आहे हे वाड्याला कधी ना कधी कळतंच, आणि उशिरा कळलं की भीती दुप्पट होते. प्राणी येण्याआधी घरोघरी जा. मी असं सांगतो: "काकी, आमच्याकडे एक बिनविषारी अजगर येणार आहे, परदेशातला, चार-पाच फुटांचा. खोलीला कुलूप आहे. तुम्ही येऊन बघा. कधी चुकून बाहेर दिसला तर मारू नका, मला फोन करा, मी लगेच येतो." पुष्कळदा लोक नाही म्हणतात. त्यांचं नाही ऐकून घ्या. भीतीचं कारण विचारा, त्यांच्या लहान मुलांचं, कोंबड्यांचं, गाभण शेळीचं; त्यातून तुमच्या तयारीत काय राहिलंय ते कळतं. त्यानंतरही त्यांचं मन मानत नसेल, तर तो प्राणी नका आणू. मी एकदा असाच थांबलो आणि त्याची मला खंत नाही.

शेजाऱ्यांना एक कागद द्या: प्राण्याचा फोटो, नाव, लांबी, विषारी आहे की नाही, तुमचे आणि घरातल्या आणखी एकाचे फोन नंबर, आणि काय करू नये ते. तोच कागद प्रभागाच्या पंचांना, वन खात्याच्या तालुक्यातल्या कार्यालयाला, आणि जवळच्या सर्पमित्राला द्या. सर्पमित्राला का, ते सांगतो. आपल्याकडे अजगर निघणं नवं नाही. तुमचा बॉल पायथन सुटला, कुणी सर्पमित्राला बोलावलं, घाईत त्याला आपल्याच अजगराचं पिल्लू समजलं गेलं, तर तो म्हादई अभयारण्यात किंवा जवळच्या रानात सोडला जाईल. तुमचा साप उपाशी मरेल किंवा रोग पसरवेल. फोटो आधीच पाहिलेला असेल तर ही चूक होत नाही.

तुमच्या प्राण्याने शेजारच्या प्राण्याला इजा केली तर आधी डॉक्टर, मग पैसे, वाद कधीच नाही. कायद्याचंही ऐकून ठेवा: पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि भीतीपोटी किंवा रागाने कुणी दुसऱ्याचा प्राणी मारला, तर कलम 325 लागतं, त्यात 5 वर्षांपर्यंत कैद आहे. ते दोन्ही घरांना लागू.

पावसाळा, चवथ आणि नरकासुराची रात्र

जूनपासून हवा ओली होते. कोरड्या प्रदेशातला बियर्डेड ड्रॅगन हा सरडा किंवा आफ्रिकी साळूसारखा हेजहॉग यांना आपल्या पावसाळ्यात श्वासाचे आणि कातडीचे आजार जडतात. वीज गेली की उबेचा दिवाही जातो. इन्व्हर्टर नसेल तर हे प्राणी नकोतच. डासांसाठी धूर फवारणारे आले की पक्षी आतल्या खोलीत न्या. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आपण सगळे मूळ घरी जातो आणि फ्लॅट पाच-सहा दिवस बंद. त्या दिवसांत प्राण्याकडे बघणारं माणूस आधी ठरवा. त्याला निदान दोनदा तुमच्या देखत दार उघडायला, बंद करायला लावा. प्राणी सुटण्याच्या ज्या गोष्टी माझ्या कानावर आल्या त्यांतल्या बऱ्याच तात्पुरत्या माणसाच्या हातून घडल्या. पोपट मूळ घरी नेलाच तर माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, सोडू नका, माटोळीतली सगळी रानफळं खाण्याची नसतात. आणि मूळ घराच्या शेजारीही कोंबड्या असतात, तिथली यादी पुन्हा करा. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, फटाके आणि मोठ्या आवाजाची गाणी पहाटेपर्यंत असतात. पिंजरा मधल्या खोलीत, वरून जाड चादर, मंद दिवा. घाबरलेला पक्षी अंधारात पंख आपटून मोडून घेतो.

सुटला तर

पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. आधी घरातली सगळी दारं बंद करा, प्राणी अजून आतच असेल. साप बहुधा जवळच्या उबदार, काळोख्या जागी सापडतो: फ्रिजमागे, लाकडांच्या राशीत, नारळाच्या सोडणांत. लगेच शेजाऱ्यांना फोन करून कोंबड्या, मांजरं, लहान कुत्री आत घ्यायला सांगा. लाज वाटेल, तरी सांगा. मग सर्पमित्र आणि वन खातं. सापडेपर्यंत रोज सकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन काय झालं ते सांगत राहा, म्हणजे अफवा उठत नाहीत आणि काठ्या निघत नाहीत.

पक्षी उडाला तर तो पहिल्या दिवशी फार लांब जात नाही, पण कावळे त्याला हुसकावतात. पिंजरा दार उघडून उंचावर ठेवा, जोडीदार असेल तर शेजारी दुसऱ्या पिंजऱ्यात. संध्याकाळी आणि पहाटे हाक मारा, त्याला ओळखीची शिट्टी वाजवा. पाव विकणारा पोदेर, माड काढणारे पाडेली, दूधवाला यांना सांगून ठेवा. ते वाड्यावाड्यातून फिरतात आणि त्यांची नजर झाडांवर असते. पायातल्या कड्याचा नंबर किंवा मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर तुमच्या फाइलमध्ये असेल, तर सापडलेला पक्षी तुमचाच हे सिद्ध करता येतं.

नको झालं तर, किंवा मेलं तर

प्राणी सांभाळणं जमत नाही हे कबूल करायला जड जातं, पण वेळेवर कबूल केलं तर प्राण्याचं भलं होतं. आधी ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा, मग अनुभवी पाळणाऱ्यांना. देताना पोर्टलवर हस्तांतर कळवा आणि नव्या माणसाचं घर, त्याचे शेजारी, त्याची खोली स्वतः जाऊन बघा. कुणीच मिळत नसेल तर वन खात्याच्या कार्यालयात जाऊन सल्ला घ्या.

मेलेला प्राणी कचऱ्यात किंवा व्हाळात टाकू नका. कारण कळलं नसेल तर पशुवैद्याकडून शवविच्छेदनाची चौकशी करा; शेजारच्या कोंबड्यांच्या दृष्टीने ते कारण कळणं गरजेचं असतं. नंतर विहिरीपासून लांब, कुत्रा उकरणार नाही एवढा खोल खड्डा, वर चुना आणि दगड. नोंदणी असलेला प्राणी असेल तर मृत्यू पोर्टलवर कळवा. पिंजरा लगेच कुणाला देऊ नका. आधी साबणाने घासा, ब्लीचच्या पाण्याने धुवा, आणि काही दिवस कडक उन्हात वाळवा.